सात नंबरचा बिल्ला

शेतीची लाईट बरेचदा रात्रीच येते, त्यामुळे पुणतांब्यात कांद्याला पाणी भरणारी माणसं रात्रीची जागी असतात. त्या आठवड्यात मीही जागा होतो. यंत्रांकडून जमिनीच्या ओलाव्याचे आकडे गोळा करणारी एक छोटी लायब्ररी मी लिहिली आहे. तिच्यातलं एखादं धडधाकट कनेक्शन दिवसातून दोनतीनदा अचानक मरायचं.

पहिला संशय चुकला. सॉकेट बंद करायचं राहून जात असेल म्हणून ‘एसएस’ कमांड चालवली. समोरच्याने निरोप घेतलाय आणि आपण अजून दार लावलेलं नाही, अशी कनेक्शनं तिथे क्लोज-वेट म्हणून दिसतात. एकही नव्हतं. म्हणजे दार उघडं राहत नव्हतं. मग?

मग ‘एसट्रेस’ लावून सगळ्या थ्रेडांवर नजर ठेवली. तिसऱ्या रात्री सापडलं: क्लोज 7. लगेच दुसऱ्या थ्रेडने नवं सॉकेट उघडलं, त्यालाही 7. आणि पुन्हा क्लोज 7, उत्तर शून्य, म्हणजे यशस्वी! तक्रार कुणाचीच नाही, म्हणून तर हे इतके दिवस लपलं.

इथून रेल्वेचा फाटा शिर्डीला जातो. तिथल्या चप्पल स्टँडसारखंच हे. लिनक्स नव्या सॉकेटला मोकळ्यातला सर्वांत लहान नंबर देते. मी 7 नंबरवर चपला घेतल्या, तोच नंबर लगेच दुसऱ्याला गेला, आणि मी पुन्हा ‘सात’ म्हणून त्याच्याही चपला उचलल्या.

चूक माझीच. वाचणारा थ्रेडही सॉकेट बंद करायचा आणि वेळ संपली की पहारेकरी थ्रेडही. दोघांच्या मधली फट इतकी बारीक की टेस्टमध्ये ती कधी दिसलीच नव्हती. तिथे मुद्दाम 50 मिलिसेकंदांची झोप घातली, तेव्हा दर वेळी फुटायला लागलं. बग हुकमी फुटायला लागला की मला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

पहारेकऱ्याचा क्लोज नुसता काढून चालेना, कारण वाचणारा डेटाची वाट बघत अडकलेला. म्हणून पहारेकऱ्याने फक्त शटडाउन करायचं. फोनवर ‘ठेवतो हं’ म्हणावं तसं, नंबर हातातच राहतो. वाचणारा जागा होतो, त्याला शून्य बाइट मिळतात आणि शेवटचा क्लोज तो एकटाच करतो.

बदल नऊ ओळींचा. झोप तशीच ठेवून टेस्ट दोन हजार वेळा फिरवली. ती संपेपर्यंत शेजारचे काका बॅटरी घेऊन वावरातून परत येत होते. लाईट गेली होती.