संघटना दंतवैद्यांची, लाभ रुग्णांचा

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. सरकारी आणि लष्करी सेवेतल्या दंतवैद्यांची स्थिती काहीशी अशीच असते. त्यांच्या दारात रुग्णांची रांग असते, पण अवघड दाढेबद्दल किंवा गालाच्या आतल्या संशयास्पद चट्ट्याबद्दल दोन शब्द विचारायला जवळपास दुसरा दंतवैद्य नसतो. शहरात एका रस्त्यावर चार दंतवैद्यांच्या पाट्या दिसतात. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मात्र दंतशल्यचिकित्सक बहुधा एकच. सीमेवरच्या लष्करी ठाण्याबद्दल तर बोलायलाच नको.

माझ्या परिचयातील एक मुलगी बी.डी.एस. होऊन सरकारी रुग्णालयात रुजू झाली. परवा ती म्हणाली, "डॉक्टरकाका, असोसिएशनचे सदस्य व्हा म्हणून सगळे मागे लागले आहेत. माझा स्वतःचा दवाखाना नाही, पाटी नाही. पगार ठरलेला. मग वर्गणी कशासाठी भरायची?"

प्रश्न रास्त आहे. शिवाय तो केवळ तिचा नाही. तिच्या खुर्चीत जो रुग्ण बसणार, त्याचाही आहे. म्हणून आज थोडे या विषयावर.

परिषद वेगळी, संघटना वेगळी

प्रथम एक गैरसमज दूर करू. दंतवैद्याला व्यवसाय करण्याचा अधिकार संघटना देत नाही. तो राज्य दंत परिषदेच्या नोंदणीने मिळतो. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने ही नोंदणी सक्तीची केली. त्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. कायदा जुना असो वा नवा, नोंदणी ही लागणारच.

इंडियन डेंटल असोसिएशन ही मात्र दंतवैद्यांनी स्वेच्छेने उभारलेली संस्था आहे. तेव्हा पाटीवर संघटनेचे नाव दिसले म्हणून पात्रता सिद्ध होत नाही आणि ते नसले म्हणून दंतवैद्य कमी ठरत नाही. वाचकांनी पाहायचा तो पदवी आणि नोंदणी क्रमांक.

मग संघटना हवी कशाला? याचे उत्तर डॉ. रफिउद्दिन अहमद यांच्या कार्यात सापडते. अमेरिकेत दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते परत आले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. शिकलेले दंतवैद्य त्या वेळी बोटांवर मोजण्याइतके होते. महाविद्यालयाबरोबरच त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक आणि दंतवैद्यांची संघटना यांचाही पाया घातला. एकट्या माणसाची विद्या गंजते, हे त्यांनी ओळखले होते. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे दंतवैद्य दिन म्हणून पाळतात.

एकटेपणावरचा उपाय

सदस्यत्वाचा पहिला लाभ हाच आहे. शाखेची बैठक, तज्ज्ञाचे व्याख्यान, अधिवेशन आणि नियतकालिक यांमुळे आडगावी काम करणारा दंतवैद्य विद्येच्या प्रवाहात राहतो. दंत परिषदेने २००७ साली निरंतर दंतशिक्षणाचे नियम केले. व्याख्याने आणि कार्यशाळांना हजर राहून त्याचे गुण मिळवायचे असतात. असे कार्यक्रम संघटनेच्या शाखाही भरवतात.

याचा रुग्णाला काय उपयोग, ते एका उदाहरणावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एक शेतमजूर माझ्याकडे आला. तिखट झोंबते आणि तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, एवढीच त्याची तक्रार होती. महाराष्ट्रात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी त्याचा खिसा काही रिकामा नव्हता! मी त्याला सरकारी रुग्णालयातल्या दंतवैद्यांकडे पाठवले. त्यांना दाढेमागे एक लहानशी जखम दिसली. शाखेच्या बैठकीत ओळख झालेल्या तोंडाच्या शल्यतज्ज्ञांना त्यांनी त्याच दुपारी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला चिठ्ठी देऊन वैद्यकीय महाविद्यालयात रवाना केले. तुकडा तपासला, कर्करोग निघाला, पण सुरुवातीचा. शस्त्रक्रिया झाली. आज तो गृहस्थ बाजाराच्या दिवशी भेटतो, बोलतो, भाकरी खातो. त्या दंतवैद्यांनी वर्गणी स्वतःच्या खिशातून भरली होती, पण फळ मिळाले ते या माणसाला.

कायद्याची बाजू

दुसरा लाभ कायदेशीर सल्ल्याचा. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सेवेला ग्राहक कायदा लागू केला. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, ती सरकारी रुग्णालये मात्र त्यातून वगळली. यामुळे सरकारी दंतवैद्य निश्चिंत असतात. पण खातेनिहाय चौकशी, दिवाणी दावा किंवा पोलिसांतली तक्रार यांची शक्यता राहतेच. त्या वेळी कागदपत्रे कशी ठेवावीत, खुलासा कसा लिहावा, हे सांगणारा अनुभवी सहव्यवसायी लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला असेल, तर तपास अधिकाऱ्याने त्या शाखेतल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे स्वतंत्र मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. म्हणजे उद्या हेच मत देण्याची पाळी आपल्या सरकारी दंतवैद्यावर येऊ शकते. आजची मान्य उपचारपद्धती ज्याला माहीत नाही, तो न्याय्य मत कसे देणार?

फौजेतले दंतवैद्य

आपल्या लष्कराचे दंतवैद्यकीय दल १ फेब्रुवारी १९४१ रोजी स्थापन झाले. बर्फातल्या चौकीवर जवानाची दाढ दुखू लागली, तर बंदूक असूनही तो निकामी होतो. म्हणून फौजेत दातांना फार महत्त्व. मात्र फौजेत संघटना हा शब्द जपून वापरावा लागतो. १९५० च्या लष्कर कायद्यानुसार सैनिकी अधिकाऱ्याला केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय कामगार संघटनेत जाता येत नाही, आणि इतर संस्थांत भाग घेण्यावरही बंधने आहेत. दंतवैद्यांची संस्था विद्याव्यासंगाची असली, तरी वरिष्ठांना विचारूनच पाऊल टाकलेले बरे.

जागतिक पातळीवर मात्र सैन्यातल्या दंतवैद्यांची चांगली सोय आहे. १९०० साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या एफ.डी.आय. या जागतिक दंतवैद्यक महासंघात संरक्षण दलांच्या दंतसेवांचा स्वतंत्र विभाग आहे. या महासंघाचे काम आपल्या केसपेपरवरही दिसते. दातापुढे '३६' असा आकडा लिहिलेला कधी पाहिला आहे का? ती खालची डावी पहिली मोठी दाढ. ही दोन आकड्यांची पद्धत महासंघाने १९७० साली स्वीकारली. तिच्यामुळे एका गावचा केसपेपर दुसऱ्या गावी बिनचूक वाचता येतो. युद्धात किंवा अपघातात मृताची ओळख पटवतानाही दातांच्या नोंदी उपयोगी पडतात.

अमेरिकेतील उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील डेंटल असोसिएशन १८५९ सालची. सैन्यात किंवा केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्यांच्या सारख्या बदल्या होतात. म्हणून त्यांना राज्याच्या वा गावच्या शाखेत न जाता थेट राष्ट्रीय सदस्य होण्याची मुभा तिने ठेवली आहे. बदलीने माणसाची नाळ तुटू नये, हा हेतू. आपल्याकडेही बदली होताच नव्या गावच्या शाखेला पत्र टाकण्याची सवय दंतवैद्यांनी लावून घ्यावी.

काय अपेक्षू नये

संघटनेकडून भलत्या अपेक्षा मात्र नकोत. बदली रद्द करणे, रखडलेला पगार काढून देणे ही तिची कामे नव्हेत. ती फार तर निवेदन देईल. चर्चासत्रांना कंपन्यांचे प्रायोजक असतात. तेथे मिळणाऱ्या भेटवस्तूंच्या बाबतीत सरकारी सेवकाने सेवानियमांचे भान ठेवावे. आणि वर्गणी भरून बैठकीला कधीच न जाणाऱ्याला पावतीखेरीज काहीच मिळत नाही.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, "अगं, दात कोरून पोट भरत नाही. वर्गणी वाचवून तू श्रीमंत होणार नाहीस. वर्षभर बैठकांना जा. अडीअडचणीला फोन करता येईल अशी चार माणसे जोडली गेली, तर वर्गणी वसूल झाली असे समज. नाही जोडली गेली, तर पुढच्या वर्षी सोडून दे." नोकरीतून निवृत्त झाल्यावर किंवा फौजेतली अल्पमुदतीची सेवा संपवून गावी दवाखाना थाटताना हीच माणसे पहिली मदतीला येतात, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

वाचकांसाठी दोन शब्द

तोंडात दोन आठवडे झाले तरी न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गालात किंवा मानेत लागणारी गाठ, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही असेल तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून दंतविभागात दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तक्रार नसतानाही वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे.

शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि ग्रामपंचायतींनी २० मार्चच्या जागतिक मौखिक आरोग्य दिनाचे निमित्त साधावे. सरकारी दंतवैद्य आणि संघटनेची स्थानिक शाखा या दोघांना एकत्र बोलावून तपासणी शिबिर ठेवावे. एकट्या दंतवैद्याला एका दिवसात शेकडो तोंडे नीट तपासणे शक्य होत नाही. चार सहकारी सोबत आले की तेच काम होते, आणि एखादे दुखणे वेळीच सापडते.