ज्या घरानें चाकरांच्या तसबिरी जपल्या

थोरामोठ्यांच्या जुन्या घरांत भिंतींवर कुणाच्या तसबिरी असतात, असें विचारलें तर उत्तर ठरलेलें आहे : मूळपुरुषाच्या आणि त्याच्या पुत्रपौत्रांच्या. ज्यांनीं त्याच घरांत जन्मभर चुली पेटविल्या, घोड्यांना खरारा केला, जळमटें झाडलीं, त्यांचें नांवदेखील मागें उरत नाहीं. या नियमाला वेल्समधील एक घर अपवाद आहे. रेक्सहॅम शहराजवळच्या या घराचें नांव एर्दिग.

जोशुआ एडिसबरी नांवाच्या जमीनदारानें १६८४ सालीं हें घर बांधावयास घेतलें. मिडलविच येथील टॉमस वेब या गवंड्यानें त्याचा आराखडा केला. लाल विटांचें, मधल्या दाराच्या दोहों बाजूंस सारख्या खिडक्या असलेलें हें घर दिसावयास साधें, पण खर्चानें भारी होतें. एडिसबरीच्या ओळखीचा एक मनुष्य आपल्या देशाच्या इतिहासांतही भेटतो. तो म्हणजे मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल. अमेरिकेंतील येल विद्यापीठाला नांव मिळालें तें याचेंच, आणि त्याची समाधिही रेक्सहॅमलाच आहे. येलनें एडिसबरीला लाखकामाचा एक सुंदर पडदा भेट दिला आणि कर्जही दिलें. पडदा घरांत राहिला. कर्जापायीं धनी मात्र घराबाहेर गेला.

पुढें जॉन मेलर या लंडनच्या श्रीमंत कायदेपंडितानें घर घेतलें, दोहों अंगांस नव्या खोल्या वाढविल्या आणि उंची सामान भरलें. चिनी रेशमानें मढविलेला त्याचा मोठा पलंग आजही पाहावयास मिळतो. मेलर अविवाहित होता. १७३३ सालीं तो वारल्यावर घर भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे, आलें. तेथपासून २४० वर्षें यॉर्क घराण्याचे सात धनी झाले, आणि प्रत्येकाचें नांव एक तर सायमन, नाहीं तर फिलिप !

त्यांतला पहिला फिलिप विद्याव्यासंगी होता. वेल्समधील राजकुळांवर त्यानें ग्रंथ लिहिला. पश्चिमेच्या वाऱ्यापावसानें विटा झिजूं लागल्या, तेव्हां १७७० नंतरच्या दशकांत त्यानें त्या बाजूला दगडी आवरण घातलें. आगीच्या भीतीनें स्वयंपाकघर मूळ घरापासून वेगळें बांधविलें. परंतु त्याची खरी कीर्ति निराळीच आहे. १७९० नंतर त्यानें जॉन वॉल्टर्स या चित्रकाराकडून आपल्या चाकरमाणसांच्या तैलतसबिरी काढविल्या. सुतार, लोहार, शिकाररक्षक यांच्या जोडीला जेन एब्रेल ही ८७ वर्षांची वृद्ध मोलकरीण आहे. कोळिष्टकें झाडणें हें तिचें काम. हातांत झाडणी घेऊन ती मोठ्या ऐटीनें बसली आहे. प्रत्येक तसबिरीवर धन्यानें स्वतः रचलेलीं विनोदी पद्यें आहेत. पुढच्या पिढ्यांनींही हा रिवाज चालविला. छायाचित्रण आलें तेव्हां, १८५२ सालीं, सर्व नोकरांचें एकत्र छायाचित्र घेण्यांत आलें. चाकरांच्या बसण्याच्या दालनांत या तसबिरी आजही टांगलेल्या आहेत.

मात्र या स्नेहाला सीमा होतीच. तसबीर निघाली म्हणून चाकराचा धनी झाला नाहीं. १९०७ सालीं याच घराण्यानें आपल्या एका स्वयंपाकीणबाईवर अपहाराचा खटला भरला, आणि न्यायालयानें तिला निर्दोष सोडलें. ही गोष्टही त्या भिंतींच्या इतिहासांत धरली पाहिजे.

पुढें संकट आलें तें खालून. १९४७ सालीं कोळशाच्या खाणी सरकारी झाल्या आणि घराच्या पायाखालून कोळसा काढण्यांत आला. जमीन खचली व घर सुमारें पांच फूट खालीं गेलें. भिंतींना भेगा पडल्या, छपरांतून त्या रेशमी पलंगाच्या खोलींत पाणी गळूं लागलें. १९६६ सालीं घर शेवटच्या फिलिपकडे आलें, तेव्हां तेथें विजेचे दिवेही नव्हते. तो एकटा, अविवाहित. हिरवळीचें गवत कापावयास माणसें नव्हतीं, म्हणून त्यानें मेंढ्या चरावयास सोडल्या. घर विकून त्याला सुखानें राहतां आलें असतें. पण घरांतील एकही वस्तु इकडची तिकडे होऊं नये, हा त्याचा हट्ट होता. १९७३ सालीं त्यानें सर्व मिळकत नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दान केली. खाणमंडळाकडून १,२०,००० पौंड भरपाई मिळाली, पाया सांवरण्यांत आला, आणि १९७७ सालीं घर लोकांस खुलें झालें. दुसऱ्याच वर्षीं फिलिप वारला. ज्या खाणीनें घर खचविलें, ती बर्शमची खाण १९८६ सालीं बंद पडली. घर मात्र उभें आहे.

ट्रस्टनें एक गोष्ट मोठी विचारपूर्वक केली. पाहुण्याला दर्शनी दारानें न नेतां सुताराचा कारखाना, लोहाराची भट्टी, तबेले, धोबीखाना, भटारखाना यांमधून आंत नेण्याची प्रथा पाडली. आधीं हात दिसतात, मग वैभव दिसतें. घर विटांवर उभें राहतें तसेंच माणसांच्या श्रमांवरही, हें एर्दिग शब्दावांचून सांगतें. आपल्याही घरांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या एखाद्या वृद्ध बाईचें नांव मुलांना ठाऊक नसेल, तर तें आज सांगून ठेवावें. तसबीर नसली तरी नांव राहील.