इंधनाचें गाळणें

पिण्याचें पाणी गाळून घेण्याची आपल्या घरांतील चाल इतकी जुनी आहे कीं, तिच्याविषयीं कोणास कांहीं सांगावें लागत नाहीं. हंड्याच्या तोंडावर दुहेरी धुवट वस्त्र बांधल्यावांचून पाणी भरूं नये, असा आमच्या मातोश्रींचा दंडक असे. परंतु दारांत उभ्या असलेल्या मोटारीस आपण जें इंधन पाजतों तें कोठें गाळलें जातें, आणि तें गाळणें शेवटचें केव्हां बदललें, असें विचारलें तर बहुतेक घरांत सर्व जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. आमच्या घरांतहि गेल्या आषाढापर्यंत अशीच स्थिति होती. ज्ञान झालें तें किंमत मोजून झालें. ती किंमत इतरांस पडूं नये म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें एकत्र कुटुंब ठाण्यास खोपट भागांत राहतें. वडील बंधूंच्या मुलानें नोकरी सोडून, कर्ज काढून, डिझेलवर चालणारी एक मालवाहू पिकअप घेतली. भिवंडीच्या गुदामांतून माल उचलावा, कसाऱ्याचा घाट चढून नाशकास पोंचवावा आणि महिन्याच्या महिन्यास हप्ता भरावा, असा त्याचा क्रम. मुलगा कष्टाळू, पण हिशेबांत थोडा अधिकच चतुर. गाळणें बदलण्याची वेळ आली तेव्हां त्यानें अस्सल मालाच्या निम्म्या किंमतीस मिळालेलें, हुबेहूब तसेंच दिसणारें दुसरें बसविलें. पुढें पावसांत, चालकापुढील फळीवर पाण्याच्या थेंबाची खूण दाखविणारा पिवळा दिवा लागला. तो त्यानें दोन दिवस पाहिला आणि कोणाजवळ बोलला नाहीं.

तिसऱ्या रात्रीं घाटाच्या चढावर भरलेली गाडी धापा टाकूं लागली. मिस्त्री लोक ज्याला ‘पिकअप’ म्हणतात तोच पिकअपला राहिला नाहीं! मागें अवजड वाहनांची रांग, पुढें धुकें, वरून पाऊस. कशीबशी कडेला घेतांघेतांच इंजिन बंद पडलें. ती रात्र मुलानें घाटांत काढली, आणि आमच्या बंधूंनीं दूरध्वनी हातांत धरून ओसरीवर काढली. जीव बचावला ही ईश्वराची कृपा.

दुसऱ्या दिवशीं गाडी ओढून खोपटांत आणली. मिस्त्रीनें तें गाळणें करवतीनें कापून आमच्यापुढें ठेवलें. आंतील कागद फुगून मऊ पडला होता. त्याच्या घड्या एका बाजूनें सुटल्या होत्या, आणि तळाशीं काळसर बुळबुळीत पाणी साचलें होतें. “काका, हें गाळणें नव्हे, नुसता डबा आहे,” तो म्हणाला. “पाणी थेट आंत गेलें.” इंधन फवारणारीं दोन नोझलें बदलावीं लागलीं, पंप उतरवून तपासावा लागला, आणि गाडी तीन आठवडे उभी राहिली. हप्ता मात्र थांबला नाहीं. सूनबाईच्या पाटल्या बँकेंत तारण गेल्या.

एवढ्याशा डब्यानें एवढा अनर्थ कां व्हावा? त्यासाठीं डिझेल-इंजिनाची घडण थोडी पाहिली पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९२ सालीं या इंजिनाच्या पेटंटसाठीं अर्ज केला आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी ठरलें. यांत ठिणगी नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं, ती तापून लाल व्हावी तशी उष्ण होते, आणि त्या हवेंत इंधन फवारतांच तें आपोआप पेट घेतें. ही फवारणी जितकी बारीक तितकें ज्वलन चांगलें. म्हणून आजच्या इंजिनांत पंप इंधनास वातावरणाच्या दीड हजार पटींहून अधिक दाब देतो, आणि तें केसासारख्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतें. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे मिलिमीटरचे ७० सहस्रांश. पंपाच्या सरकत्या भागांमधील अंतर अवघें कांहीं मायक्रॉन! डोळ्यांस न दिसणारा धुळीचा कण तेथें कानसासारखा चालतो. शिवाय या पंपास निराळें वंगण नसतें. डिझेल हेंच त्याचें वंगण. त्यांत पाणी आलें कीं वंगण गेलें, आणि गंज आला.

हें पाणी येतें कोठून? अर्धवट रिकाम्या टाकींत दमट हवा थंड होऊन तिचें दंव बनतें. टांकीचें झांकण सैल राहिलें तर पाऊस शिरतो. कधीं पुरवठ्याच्या तळघरांतील टांकींतूनच तें येतें. पाणी डिझेलपेक्षां जड, म्हणून तळाशीं बसतें. आणि त्या दोहोंच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढून काळा गाळ होतो. चांगल्या गाळण्यांतील कागद धूळ अडवितो आणि पाण्याचे थेंब एकत्र करून खालच्या वाटींत सोडतो. वाटी भरली कीं पिवळा दिवा लागतो. तो दिवा म्हणजे घरच्या वडील माणसाचा खोकला होय. ऐकून न ऐकल्यासारखें करूं नये.

चटका बसल्यावर पुतण्यास उलटा उत्साह आला. सर्वांत बारीक मिळेल तें आणखी एक गाळणें बसवूं, असें तो म्हणाला. मिस्त्रीनें त्यास थांबविलें. टांकीनंतर लगेच फार बारीक गाळणें घातलें तर तें लवकर तुंबतें आणि पंपाची उपासमार होते. आधीं जाडसर, पाणी वेगळें करणारें, दहा ते तीस मायक्रॉनांचें. मग बनविणारानें नेमून दिलेलें बारीक: हा खरा क्रम. जोड द्यावयाची ती पंपाच्या अलीकडे, कमी दाबाच्या नळींतच; आणि हमीची मुदत चालूं असेल तर बनविणाराच्या अधिकृत कारखान्यांत विचारल्यावांचून मुळींच नाहीं.

बदलण्याची रीतहि त्यानें मुलाकडून हातानें करून घेतली. इंजिन थंड असावें, जवळ ज्योत नसावी, खालीं परात ठेवावी. जुनें काढल्यावर त्याची रबरी कडी वर चिकटून राहिली नाहीं ना, हें पाहावें. नव्या कडीस स्वच्छ डिझेलचें बोट लावावें. नवें गाळणें मात्र उघड्या डब्यांतील डिझेलनें भरूं नये, नाहींतर न गाळलेला मळ थेट पंपांत जातो. हातानें घट्ट करावें. किती फिरवावें तें बहुधा डब्यावरच छापलेलें असतें. मग हातपंप कडक लागेपर्यंत दाबून हवा काढावी, इंजिन सुरू करून गळती पाहावी. चालत्या इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळीस हात लावूं नये. तेथील बारीक धार कातडी फोडून आंत शिरते. काढलेलें डिझेल गटारांत ओतूं नये. तें शेवटीं आपल्याच खाडींत जातें.

आमच्या घराजवळ एस. टी. चें स्थानक आहे. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर पहिली एस. टी. धांवली, तेव्हांपासून ठराविक अंतर धांवलेली गाडी तपासणीस घ्यावयाची, ही शिस्त त्या व्यवसायाचा कणाच आहे. ती चालकाच्या लहरीवर सोडीत नाहींत. आतां आमच्या ओसरीवरहि एक वही टांगली आहे. किती किलोमीटरांवर गाळणें बदललें, वाटींतील पाणी केव्हां सोडलें, याची नोंद पुतण्या स्वतः करतो आणि त्याखालीं बंधु सही करतात.

परवां बंधूंनीं त्यास एवढेंच सांगितलें, “पैसे वांचविलेस याचा राग नाहीं रे, दिवा लागलेला घरांत सांगितला नाहींस, याचा आहे.” मुलगा कांहीं बोलला नाहीं. दिवाळीपूर्वीं सूनबाईच्या पाटल्या सोडवून आणल्या, आणि त्याच आठवड्यांत, वहीप्रमाणें मुदत भरली म्हणून, नवें अस्सल गाळणेंहि आलें. दोन्ही पावत्या त्यानें त्या वहींत शेजारीं शेजारीं लावून ठेवल्या आहेत.