भाषा जिवंत केव्हां म्हणावी?

जिच्या नियमांत वर्षानुवर्षें फेरफार होत नाहीं ती भाषा मेली, असें म्हणण्याचा प्रघात संगणकाच्या व्यवसायांत पडला आहे. ज्या घरांतील मुलगे, मुली वा सुना ह्या व्यवसायांत आहेत, तेथें हें वाक्य केव्हां तरी कानीं पडलें असेलच. यंत्राला कामें सांगण्यासाठीं मनुष्यानें बुद्धिपुरस्सर रचलेल्या ज्या भाषा, त्यांपैकीं 'कोबॉल' हिला मृत ठरविण्याची घाई तर तिच्या जन्मापासूनच झाली. ही समजूत कितपत खरी, ह्याचा थोडा विचार करूं.

१९५९ सालीं अमेरिकेंतील सरकारी खातीं व यंत्रें बनविणाऱ्या कंपन्या ह्यांनीं मिळून ही भाषा आंखण्यास आरंभ केला. तोंपर्यंत यंत्र बदललें कीं आज्ञाही नव्यानें लिहाव्या लागत. ग्रेस हॉपर ह्या विदुषीच्या आधींच्या 'फ्लो-मॅटिक' भाषेची छाप हिच्यावर स्पष्ट आहे. 'ह्या रकमेंतून ती वजा कर व बाकी अमुक ठिकाणीं मांड,' अशी आज्ञा हिच्यांत साध्या इंग्रजी वाक्यासारखी लिहितां येते. भाषा अजून घडत असतांनाच समितीच्या दिरंगाईला कंटाळून हॉवर्ड ब्रॉम्बर्ग नांवाच्या गृहस्थांनीं 'कोबॉल' हें नांव कोरलेला थडग्याचा दगड संरक्षण खात्यांतील अधिकाऱ्याकडे धाडला! तो दगड पुढें कॅलिफोर्नियांतील संगणकांच्या संग्रहालयांत गेला. भाषा मात्र आजही पेढ्यांचे हिशेब करीत आहे.

हिच्या प्रमाणग्रंथाच्या आवृत्त्या १९६८, १९७४, १९८५, २००२, २०१४ आणि २०२३ सालच्या. गति मंद खरी. परंतु ज्या खतावणीवर लक्षावधि लोकांच्या ठेवी अवलंबून आहेत, तिची भाषा दर वर्षीं पालटणें कोणाच्या हिताचें? शिवाय हिचा हिशेब दशमान पद्धतीनें चालतो. एक तृतीयांश दशांशांत लिहूं गेल्यास तीन हा अंक जसा संपतच नाहीं, तसा एक दशांश द्विमान पद्धतींत कधींच पुरा होत नाहीं. म्हणून पैशाचा हिशेब त्या पद्धतीनें ठेवल्यास बारीक चूक शिरते. कोबॉलनें ही अडचण आरंभींच टाळली.

संस्कृताचें उदाहरण घ्या. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाचीं वार्तिकें झालीं, पतंजलीचें भाष्य झालें, आणि पुढें मुनित्रयाचा शब्द अखेरचा ठरला. तरी त्यानंतर शतकानुशतकें काव्यें व शास्त्रें लिहिलीं गेलींच. व्याकरण स्थिर राहिलें म्हणून विद्या लोपत नाहीं. पाठशाळा ओस पडली म्हणजे ती लोपते.

कोबॉलला भय आहे तें ह्याच बाजूनें. जागा वांचविण्यासाठीं जुन्या आज्ञावलींत वर्षाचे दोनच अंक लिहीत. २००० साल जवळ येतांच त्या सर्व तपासाव्या लागल्या. तें काम पुष्कळसें हिंदुस्थानांत आलें, आणि भाषा जाणणारे तरुण येथें होते म्हणून तें तडीस गेलें. उलट एप्रिल २०२० मध्यें साथीच्या दिवसांत अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत बेकारी भत्त्याचे अर्ज एकाएकीं वाढले, तेव्हां कोबॉल जाणणारे स्वयंसेवक हवेत, असें राज्यपाल फिल मर्फी ह्यांना जाहीरपणें सांगावें लागलें. चूल पेटण्यासाठीं ज्यांना त्या भत्त्याची वाट पाहावी लागते, त्यांना जाणकारांची वाण किती महाग पडते, हें सांगावयास नको.

तेव्हां घरांतील मुलानें 'ही जुनी भाषा शिकूं काय?' असें विचारल्यास वडील माणसांनीं नव्या-जुन्याचा वाद घालूं नये. तिच्यावर आज कोणाचें काम चालतें, तिच्यांतील दोष कोण दुरुस्त करितो, आणि ती शिकविणारा कोण उरला आहे, हे तीन प्रश्न विचारावे. पहिल्या दोहोंचें उत्तर समाधानकारक असून तिसऱ्याचें तसें नसेल, तर आमच्या मतें त्या मुलानें ती अवश्य शिकावी.