रक्ताच्या नळीतला आतड्याचा कर्करोग

मोठ्या आतड्याचे रक्त प्रवेशिनी शिरेतून आधी यकृतात जात असल्यामुळे, गाठीपासून सुटलेल्या पेशी बहुधा तिथेच अडकतात आणि या कर्करोगाचा प्रसार यकृतात सर्वाधिक दिसतो. अशा भटक्या पेशी रक्तातून वेचण्यासाठी पुण्यात विकसित झालेल्या ‘ऑन्कोडिस्कव्हर’ चाचणीत चुंबकीय सूक्ष्मकणांवर प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारे रेणू, बसवलेले असतात. ती प्रतिपिंडे पेशीच्या पृष्ठभागावरील ‘एपकॅम’ प्रथिनाला पकडतात आणि चुंबक त्या पेशी बाजूला ओढतो. मात्र प्रसाराच्या वाटेवरच्या काही पेशी हेच प्रथिन गमावतात, म्हणून पेशी सापडली नाही याचा अर्थ ती नाहीच असा घेणे धोक्याचे ठरते. अमेरिकेतील ‘सेलसर्च’ चाचणीत, प्रसार झालेल्या रुग्णाच्या ७.५ मिलिलिटर रक्तात अशा ३ किंवा अधिक पेशी आढळणे हे प्रतिकूल लक्षण मानतात.

दुसरी पद्धत पेशींऐवजी रक्तात तरंगणारे त्यांच्या डीएनएचे तुकडे शोधते. दुसऱ्या टप्प्यातील ४५५ रुग्णांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील ‘डायनॅमिक’ अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर चौथ्या व सातव्या आठवड्यात हे तुकडे तपासून केमोथेरपी ठरवली, तेव्हा ती घेणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीने उपचार ठरवलेल्या गटातील २८ टक्क्यांच्या तुलनेत १५ टक्के राहिले आणि दोन वर्षांपर्यंत रोग न उलटलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, ९२ ते ९४ टक्क्यांदरम्यान, राहिले. अनावश्यक विषारी औषध टळणे, हा या चाचणीचा भाकितापेक्षाही मोठा लाभ म्हणावा लागेल.