पणजोबांच्या काळातील प्रणयकथा

ऐतिहासिक कादंबरी हे शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे गडकोट, घोडदळ आणि पेशव्यांचा दरबार उभा राहतो. आणि त्यात त्याचा काही दोषही नाही, कारण हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाला'पासून रणजित देसाई यांच्या 'स्वामी'पर्यंत (१९६२) आमच्या नामांकित कादंबरीकारांनी त्याला बहुधा याच मुलखात हिंडवून आणले आहे. १९०५ किंवा १९१२ च्या सुमारास पुण्यातील एखाद्या वाड्यात अथवा गिरगावातील चाळीत घडलेली प्रेमकथा ही देखील ऐतिहासिक कथाच होय, असे कोणी म्हटले तर पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु सर वॉल्टर स्कॉट याने १८१४ साली 'वेव्हर्ली' लिहून या वाङ्मयप्रकाराचा पाया घातला तेव्हा आपली कथा साठ वर्षांपूर्वीची आहे, एवढे सांगून त्याने ग्रंथाचे उपशीर्षकच सजविले होते. त्या मापाने पाहता लोकमान्यांच्या मंडालेच्या शिक्षेचा काळ इतिहासात केव्हाच जमा झालेला आहे.

तरीही लेखक त्या काळाकडे सहसा वळत नाहीत. इंग्लंडात ऐतिहासिक प्रणयकथांचा पंथ ज्या जॉर्जेट हेयर बाईंनी रूढ केला त्यांचा जन्म १९०२ चा. म्हणजे विसाव्या शतकाचा आरंभ हा त्यांच्या स्वतःच्या बालपणाचा काळ. असे असता त्यांनी आपले नायक-नायिका निवडले ते त्यापूर्वी शंभर वर्षे होऊन गेलेल्या, १८११ ते १८२० या राजप्रतिनिधीच्या अमदानीतून. उलट एल. पी. हार्टली यांनी १९५३ साली 'द गो-बिट्वीन' ही कादंबरी लिहिली ती १९०० च्या उन्हाळ्यातली: एक सरदारी वळणाचे घर, त्यातली उपवर कन्या, शेजारचा शेतकरी, आणि दोघांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे पोचविणारा, त्यांचा अर्थ न उमगलेला एक लहान मुलगा. पहिल्या मार्गात वेषभूषेचा आनंद अधिक आहे, दुसऱ्यात मनाचा दाह. आणि माझे मत विचाराल तर नजीकच्या भूतकाळाला दुसराच मार्ग मानवतो.

आता आपल्याकडे या. १९०० ते १९२० या कालखंडातील प्रेमकथा मराठीत लिहू इच्छिणाऱ्या लेखकापुढे पहिला धोंडा येतो तो असा, की त्या काळी पांढरपेशा घरांत विवाह हा प्रेमाच्या आधी होत असे, आणि तोही इतका आधी की ज्या वयात कादंबरीची नायिका खिडकीतून चंद्राकडे पाहू लागते त्या वयात ती बहुधा एका मुलाची आई झालेली असावयाची. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा बारा वर्षांपर्यंत नेली तेवढ्यावर केवढे रण माजले! बडोदे संस्थानाने १९०४ साली बालविवाहास बंदी घालणारा कायदा केला. ब्रिटिश मुलखात शारदा कायदा यावयाला १९२९ साल उजाडावे लागले. तेव्हा 'तरुण-तरुणीची दृष्टादृष्ट' हा प्रणयकथेचा जगन्मान्य आरंभ येथे फारसा उपयोगी पडत नाही. ज्या लेखकाला तो सोडवत नाही तो मग सोळा वर्षांची अविवाहित, इंग्रजी शिकलेली, एकटीच फिरावयास जाणारी नायिका घडवितो आणि तिला नऊवारी नेसवितो. अशी मुलगी त्या काळी नव्हतीच असे नाही. परंतु ती जिथे होती तिथे तिच्याभोवती सगळ्या आळीचे डोळे होते, आणि कादंबरीत ते डोळेच कोठे दिसत नाहीत.

या अडचणीतूनच खरी वाट निघते, असे मला वाटते. त्या काळातील मराठी प्रणयकथेचा सहज विषय म्हणजे लग्नानंतर जडलेले प्रेम. ज्या दोन जिवांची गाठ वडीलधाऱ्यांनी, पत्रिका आणि हुंडा पाहून, त्यांना कळत नव्हते तेव्हाच मारून टाकली, ते दहा-बारा वर्षांनी, भरल्या घरात, चोरटेपणाने एकमेकांना ओळखू लागतात. आणि या ओळखीच्या आड येते ते सारे घर. दिवसाउजेडी नवराबायकोने चारचौघांत बोलावयाचे नाही, पतीने ओटीवर आणि पत्नीने माजघरात असावयाचे, नाव तर उखाण्याखेरीज घ्यावयाचेच नाही. पुन्हा ज्या गोष्टीला आज आपण अत्यंत खासगी समजतो तिचा ऋतुशांतीच्या निमित्ताने गावभर गाजावाजा व्हावयाचा. खासगीपणाची ही उलटी वाटणी, म्हणजे शरीराचा व्यवहार जाहीर आणि दोन शब्द बोलणे मात्र चोरून, ज्या लेखकाला नीट उमगली त्याला खलनायकाची गरजच पडू नये.

आणि याला पुरावा हवा तर तो पुरेपूर आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत अकराव्या वर्षी एकतीस वर्षांच्या न्यायमूर्तींच्या घरी आलेली मुलगी पतीजवळ अक्षरे गिरविते आणि घरातील बायकांचा जाच मुकाट्याने सोसते, त्या पानांतून आदर केव्हा सरला आणि अनुराग केव्हा सुरू झाला हे वाचकाला बोट ठेवून दाखविता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर त्याहून धीट. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पतिपत्नींची ताटातूट झाली, काही वर्षांनी बाई आपले सोवळे सांभाळीतच पतीजवळ राहावयास आल्या आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. या दोघांची भांडणे, रुसवे आणि एकमेकांवाचून न करमणे यांची हकीकत बाईंनी अशा हसऱ्या लेखणीने सांगितली आहे की कल्पित कथेने तिच्यापुढे जपूनच उभे राहावे.

एवढे मात्र खरे, की ही सगळी चित्रे एका विशिष्ट समाजाची आहेत, आणि आमच्या कादंबरीकारांनी त्या समाजालाच महाराष्ट्र समजण्याची चूक पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. १९०५ ची विधवा म्हटली की केशवपन आणि तांबडे आलवण, हे समीकरण ब्राह्मणी घरापुरते सत्य होते. अनेक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा पाट लागत असे, त्याला जातीची मान्यता होती आणि त्याच्या निराळ्या रीती होत्या. तिकडे अण्णासाहेब कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला म्हणून त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला, आणि इकडे तोच संबंध जातपंचायतीच्या संमतीने राजरोस होत होता! परळ-लालबागच्या गिरण्यांत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने कामावर जात, त्यांच्या हाती स्वतःची मजुरी येई. अशा स्त्रीची प्रणयकथा वाड्यातल्या सुनेच्या कथेहून मुळापासून वेगळी होईल. ती लिहावयाची कोणी मनावर घेईल तर मराठी साहित्यात खरोखर नवी भर पडेल.

तपशिलाच्या बाबतीत मात्र मी जरा कडक आहे. १९१२ साली नायक नायिकेला बोलपट दाखवीत असेल, तर त्याने एकोणीस वर्षे थांबावे. कारण दादासाहेब फाळक्यांचा मूक 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा आणि पहिला बोलपट १९३१ चा. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावू लागली. त्यापूर्वी ट्रामला घोडे होते. रत्नागिरीचा मुलगा मुंबईस येतो तो आगगाडीने नव्हे, आगबोटीने, आणि पावसाळ्यात त्याचे पाय बांधलेलेच. परंतु चुका टाळणे हे तपशिलाचे कनिष्ठ काम झाले. तपशील कथेला गती देऊ लागला म्हणजे त्याचे चीज होते, आणि याचे एक उदाहरण मला फार आवडते.

१९०६ साली हिंदुस्थानाची प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे होती. नगरपालिकेने नवी वेळ मान्य करण्याचे नाकारले आणि 'बॉम्बे टाइम' या शहरात १९५५ पर्यंत टिकून राहिला. रेल्वे मात्र प्रमाणवेळेवर चाले. आता कल्पना करा, की १९१० साली एक तरुणी भावाच्या नकळत बोरीबंदरावर यावयाची आहे, आणि चिठ्ठीत केवळ 'सायंकाळी सहा' एवढेच लिहिले आहे. तिने घरच्या भिंतीवरचे घड्याळ पाहिले, ते मुंबईच्या वेळेचे. त्याने स्थानकावरचे पाहिले, ते रेल्वेच्या वेळेचे. एकोणचाळीस मिनिटे तो फलाटावर येरझारा घालतो, तिने वचन मोडले असे समजून गाडीत बसतो, आणि ती घड्याळाच्या ठोक्याला, अगदी वेळेवर, येऊन पोचते. येथे दैवाला, वादळाला किंवा दुष्ट काकाला राबविण्याचे कारण नाही. सरकार आणि नगरपालिका यांच्या तंट्याने दोन निष्पाप माणसांचे काम परभारे उरकले.

पत्राचेही तसेच. पोस्टकार्ड एका पैशाला मिळे आणि पाकिटाला अर्धा आणा पडे. पण कार्ड सगळ्या घराने वाचावयाचे, आणि पाकीट आले की 'सूनबाईंना पाकीट कोणाचे?' असा प्रश्न घरभर उठावयाचा. शिवाय कचेरीत कारकुनी करणाऱ्या पुरुषाचा हात मोडीला सरावलेला, आणि शाळेत चार इयत्ता शिकलेली पत्नी बालबोध जाणणारी. तिला कळावे म्हणून त्याने हळूहळू, एकेक अक्षर सुटे काढीत बालबोधीत पत्र लिहावे, यात जी प्रीती आहे ती पानभर वर्णनाने साधावयाची नाही. प्रेमाची भाषा या दोघांना कोठून मिळे? बहुतांशी रंगभूमीवरून. 'शारदा' १८९९ चे, 'मानापमान' १९११ चे. बालगंधर्वांची पदे ज्यांच्या ओठी बसली होती त्यांना स्वतःच्या मनातले शब्द शोधण्याचे श्रम पडत नसत. जुन्या 'मनोरंजन' मासिकाच्या फायली चाळाव्या, त्यांतील जाहिराती देखील सोडू नयेत. कोणते तेल, कोणती पौष्टिक गोळी आणि कोणते घड्याळ माणसांना हवेसे वाटे, याची जबानी तिथे नोंदलेली आहे.

राहता राहिला शेवट. प्रणयकथेच्या वाचकाला मीलन हवे असते, आणि लेखक पेचात सापडला की प्लेग किंवा १९१८ चा इन्फ्लुएंझा बोलावून नको असलेले पात्र उचलतो. या दोन साथींनी आमच्या इतिहासात जेवढी माणसे नेली त्यांचा मान राखून म्हणावेसे वाटते, की कथेत त्यांना इतके राबवू नये. त्यापेक्षा जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या दोघांना १८७२ च्या तिसऱ्या कायद्याच्या दारात नेऊन उभे करावे. या कायद्याखाली विवाह करावयाचा तर दोघांनीही आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, असे एकामागून एक धर्म नाकारणारे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागे. आपला धर्म न सोडता असे लग्न करण्याची मुभा हिंदूंना १९२३ च्या दुरुस्तीने मिळाली, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय विवाहाचा निराळा कायदा केला तो त्या संस्थानापुरता. शिवाय रजिस्ट्रारला लेखी नोटीस द्यावयाची, ती त्याने नोंदवहीत उतरवावयाची, आणि ती वही वाटेल त्याला पाहावयास खुली. नोटिशीनंतर चौदा दिवस लोटल्यावाचून लग्न लागत नसे, आणि तेवढ्यात कोणीही हरकत नोंदवू शके. ज्या आईच्या देवघरात मुलगा वाढला तिने त्याची प्रतिज्ञा ऐकावी की नाही, वहीत डोकावणारा पहिला कारकून कोणत्या आळीत राहतो, सांगलीचा मामा गाडीने निघाला तर तेराव्या दिवशी पोचतो की पंधराव्या, याचा हिशेब कादंबरीकाराने मांडावयास घेतला, की शेवटची सहा प्रकरणे त्याच्यापुढे लिहूनच ठेवलेली असतात.