छिन्नमनस्कांचे शरीर कोणाच्या खात्यात?

छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या व्याधीविषयी आपल्याकडे जे थोडेफार बोलले जाते ते भास आणि संशय यांच्यापाशी येऊन थांबते. या रुग्णाला हृदय आहे, स्वादुपिंड आहे, दात आहेत, ही गोष्ट घरचे, दारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर मनोविकार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरण पावतात. यामागे आत्महत्या असावी, असा सर्वसाधारण समज आहे. तो धोका खराच मोठा आहे. परंतु बहुसंख्य मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे विकार अशा, तुम्हाआम्हांला होणाऱ्या आणि बऱ्याच अंशी टाळता येण्याजोग्या रोगांनी होतात.

यात औषधांचाही वाटा आहे. पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमॅझिनचा वापर सुरू झाला आणि मनोरुग्णालयांची दारे किलकिली झाली. त्या पिढीच्या औषधांनी हातपाय ताठरत, कंप सुटे. क्लोझापिन, ओलॅन्झापिन यांसारख्या नंतरच्या औषधांनी तो जाच कमी केला, पण भूक बेसुमार वाढविली. काही महिन्यांतच वजन चढते, कमरेचा घेर वाढतो, रक्तातील साखर आणि चरबी यांचे प्रमाण बिघडू लागते. नातेवाईक मात्र 'आता अंगाने भरला' म्हणून समाधान मानतात! क्लोझापिनमुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्ततपासणी आवर्जून होते. त्याच औषधाने होणारे बद्धकोष्ठ क्वचित आतडे बंद पाडून प्राणावर बेतते. त्याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. तंबाखूची गोष्टही अशीच. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिनचा निचरा लवकर करते. रुग्णाने धूम्रपान एकाएकी सोडले, तर तीच मात्रा त्याला जड होऊ शकते. व्यसन सुटावेच, पण डॉक्टरांना सांगून.

हे वाचून कोणी औषध बंद करील, तर तो अनर्थ होईल. फिनलंडमधील ६२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध घेण्याच्या काळात मृत्यूचे प्रमाण औषधाविना गेलेल्या काळापेक्षा कमी आढळले, आणि ते सर्वांत कमी होते क्लोझापिन घेणाऱ्यांत. दोष औषध देण्यात नाही. दिल्यावर शरीराकडे पाठ फिरविण्यात आहे.

ही पाठ दोन्हीकडून फिरविली जाते. मनोविकारतज्ज्ञ छातीला नळी लावीत नाही, कारण ते त्याचे काम नव्हे. रुग्ण 'छातीत दुखते' म्हणत दुसऱ्या विभागात गेला, तर कागदावरील निदान वाचून तेथील डॉक्टर तक्रार मनाच्या खात्यावर टाकतो. कचेरीत एखादी फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहावी, तसे हे शरीर फिरत राहते. त्यातून ज्याची वाणीच विस्कळीत झाली आहे, त्याने आपले दुखणे नेमके कोठे आहे हे पटवून द्यावे, अशी आपली अपेक्षा असते.

वस्तुतः काय करावे, याविषयी फारसा वाद उरलेला नाही. अमेरिकेतील मधुमेहतज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००४ सालीच एकमताने सांगितले की, औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी मोजावी आणि त्यानंतरही ठरावीक काळाने मोजत राहावी. वजनकाटा आणि शिंप्याची टेप यांना कोणत्याही रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात अडचण पडू नये. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे २१ वे कलम तर स्पष्टच म्हणते की, सर्व आरोग्यसेवांमध्ये मनोरुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागवावे. रुग्णवाहिकासुद्धा त्याच दर्जाची मिळावी. मनोरुग्णांचे आईबाप आणि भावंडे रुग्णालयात या कलमाकडे बोट दाखवू लागतील, तर टेबलावरची फाइल हलण्याचा काही संभव आहे.

पुष्कळ घरांतून महिन्याची औषधे आणावयास रुग्ण जातच नाही. आई किंवा भाऊ जातो. तेव्हा तपासणी होणार तरी कोणाची? पण पट्ट्याची किती भोके सरकली, तहान फार लागते काय, शौचाला किती दिवसांनी होते, हे औषधाच्या खिडकीपाशीही विचारता येते, आणि उत्तर ऐकून 'पुढच्या खेपेस त्यालाच घेऊन या' असे म्हणता येते.